सुरमईसाठी खोल जाणारा ल्यूर: रापाला एक्स-रॅप मॅग्नम 30

सॅमनच्या ट्रोलिंगचे (चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरण्याचे) व्हिडिओ बघून डाउनरिगर, म्हणजे जड गोळ्याने आमिष खोल नेणारं यंत्र, मागवायच्या विचारात असाल, तर जरा थांबा. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स सरोवरांमध्ये उन्हाळ्यात सॅमन थंड पाण्याच्या थरात खोल उतरतो. त्याच्यापर्यंत पोचायला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा, वायर आणि फ्लॅशर (मासा खेचणारी चमकती पट्टी) लागतो, आणि बोट दोन-तीन नॉटने रांगत ठेवतात. आपली सुरमई तारली-बांगड्याच्या थव्यामागे खडपाच्या कडेने फिरते आणि पळत्या भक्ष्यावर तुटून पडते. तिच्यासाठी बोट सहा नॉटवर नेली की डाउनरिगरची वायर मागे कलते, गोळा वर येतो आणि फ्लॅशर गरागरा फिरून दोरीला पीळ घालतो. जिवंत बांगडा लावून नॉट-दीड नॉटने ओढायचा असेल, तर डाउनरिगर जरूर घ्या. मालवण-देवगडच्या फायबर होडीवरून ल्यूर (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) ओढायचा असेल, तर ते पैसे या मॅग्नमवर घाला.

लांबी 16 सेंटिमीटर, वजन 72 ग्रॅम. नावातला 30 म्हणजे तीस फूट, आपल्या भाषेत पाच वाव. पुढच्या रुंद लिपमुळे (तोंडाशी असलेल्या पट्टीमुळे) तो स्वतःच खाली जातो, वेगळं वजन लागत नाही. पण ही पाच वाव फुकट मिळत नाहीत. 50 पौंडी ब्रेड (विणलेली बारीक दोरी) लावा आणि 35-40 मीटर दोरी सोडा. तेवढ्याच ताकदीचं तंगूस लावलंत तर त्याची जाडी पाणी अडवते आणि ल्यूर वरच राहतो. ब्रेडच्या पुढे दोन-अडीच मीटर 60-80 पौंडी लीडर (ल्यूरकडची मजबूत दोरी) आणि शेवटी वीतभर बारीक एकपदरी स्टीलची तार. सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात, म्हणून तार हवीच. पण दोरखंडासारखी जाड तार लावली की ल्यूरचं हलणं मरतं. तारेचा फास सैल ठेवा म्हणजे ल्यूरला डोकं हलवायला जागा राहते. नाकाशी जड स्विव्हल (पीळ न पडू देणारी फिरती कडी) नको, ते लीडरच्या वरच्या टोकाला शोभतं.

वेग पाच ते सात नॉट. रॉडचं टोक धडधडत असतं, तीच ल्यूर नीट चालल्याची खूण. धडधड मंदावली की समजा शेवाळ नाहीतर प्लास्टिकची पिशवी अडकली आहे. लगेच ओढून साफ करा. असा ल्यूर तासभर फिरवला तरी मासा बघणार नाही.

ल्यूर एका बाजूला पळत असेल, तर तो होडीलगत ओढत बघा. नाक तुमच्याकडे आणि पळ डावीकडे, तर दोरी बांधायची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवा. किंचित म्हणजे केसभरच. एकदम वाकवली की कडी सैल होते आणि मग ल्यूर कधीच सरळ चालत नाही.

पाण्याची खोली बघूनच सोडा. पाच वाव पाण्यात तो खडपावर आपटणार. खाली निदान दोन-तीन वाव मोकळी हवीत. निवती रॉकसारख्या ठिकाणी कडेला समांतर चाला, खडपावरून आडवे जाऊ नका. वळण मोठं घ्या: आतल्या बाजूच्या ल्यूरचा वेग पडतो आणि दोऱ्या गुंततात. दोन रॉड असतील तर मॅग्नम आखूड दोरीवर आणि उथळ चालणारा लांब दोरीवर. बोये दिसले की लांबूनच वळा. जाळ्यात तिपाखी गळ अडकला तर ल्यूर जातो तो जातोच, कुणाचं तरी जाळंही फाटतं. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात गरी टाकूच नये.

रंगात फार गुंतू नका. थंडीत पाणी निवळतं तेव्हा बांगड्याच्या पट्ट्यांचा निळा-हिरवा. पावसाळी बंदी उठल्यावरच्या गढूळ पाण्यात लाल डोकं, पांढरं अंग. पहिला घ्यायचा तर हा दुसराच घ्या, तो निवळ पाण्यातही चालतो. 14 सेंटिमीटरचा मॅग्नम 20 सात-आठ वाव पाण्यासाठी बरा, आणि हलक्या रॉडलाही झेपतो. 30 ची ओढ मात्र मोठी आहे, किनाऱ्यावरून फेकायच्या रॉडवर तो लावू नका.

मासा लागल्यावर होडी एकदम थांबवू नका. दोरी सैल पडली की सुरमई डोकं झटकून गळ काढते. ड्रॅग (रीळाचा ब्रेक) चार-पाच किलोवर ठेवा, पहिली धाव धावू द्या. जवळ आल्यावर गॅफ (दांड्याचा आकडा) मान-खांद्यापाशी मारा, लीडर हाताला गुंडाळू नका: एक गळ माशात असताना दुसरा मोकळा हवेत फिरत असतो. तिपाखी गळ काढून एकपाखी लावायचे असतील तर वजन जवळपास तेवढंच राखा, नाहीतर चाल बदलते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि स्प्लिट रिंग (गळ अडकवायची दुहेरी वळणाची कडी) नखाने उघडून बघा. आत गंज दिसला तर दुसरी रिंग टाकल्याशिवाय तो ल्यूर पाण्यात सोडू नका.