किमान-कमाल तापमापक: सौम्य होत चाललेल्या हिवाळ्यासाठी कामाचे साधन

हिवाळा आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे सगळेच म्हणतात. पण ते स्वतः मोजून पाहायचे असेल, तर किमान-कमाल तापमापकाइतके साधे आणि भरवशाचे साधन दुसरे नाही, असे माझे मत तो वापरल्यावर झाले आहे. मोबाइलवर दिसते ते आसपासच्या परिसराचे अंदाजे तापमान असते आणि साधा तापमापक आपण पाहतो तेवढ्या क्षणापुरतेच सांगतो. थंडीचा खरा बदल मात्र आपण झोपेत असताना घडत असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बहुतेक भूभागांवर दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीचे किमान तापमान अधिक वेगाने वाढले आहे. जमीन रात्री उष्णता बाहेर टाकून निवते. त्या उष्णतेचा काही भाग हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प परत खाली पाठवतात, आणि रात्री जमिनीलगतचा हवेचा थर पातळ असल्यामुळे तो थोड्याशा जास्तीच्या उष्णतेनेही चटकन तापतो.

इंग्रज संशोधक जेम्स सिक्स यांनी १७८२ मध्ये मांडलेली रचनाच या तापमापकात आहे. इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीतला द्रव तापमानाबरोबर सरकताना बारीक दर्शकाला पुढे ढकलतो आणि मागे फिरताना त्याला तिथेच सोडून देतो, त्यामुळे रात्रीतले सर्वांत कमी आणि दिवसातले सर्वांत जास्त तापमान नंतरही वाचता येते. किमान बाजूचे आकडे उलटे, म्हणजे वरून खाली वाढत येतात आणि तापमान दर्शकाच्या खालच्या टोकाशी वाचायचे असते. हे सूचनापत्रकात ठळकपणे द्यायला हवे होते. पाऱ्याऐवजी बिनविषारी द्रव वापरला आहे, ही समाधानाची बाब आहे. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडवून पाहिले, तेव्हा दोन्ही बाजू शून्याच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या आत स्थिरावल्या. आकडे मात्र इतके बारीक छापले आहेत, की पहाटेच्या अंधुक उजेडात ते वाचता येत नाहीत.

दर्शक पूर्ववत करण्याची, म्हणजे तो पुन्हा द्रवाला टेकवण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. गारठा ऐन भरात असताना, पहाटेच दर्शक खाली आणला, तर त्याच थंडीची नोंद पुढच्या दिवसाच्या नावावरही चढू शकते आणि हिवाळा आहे त्यापेक्षा कडक दिसू लागतो. म्हणून हिवाळ्यातील किमान तापमानासाठी दर्शक रोज संध्याकाळी, एकाच ठरलेल्या वेळी पूर्ववत करावा. तापमापक भिंतीला चिकटवू नये. सावलीत, हवा खेळेल अशा जागी, साधारण दीड मीटर उंचीवर तो टांगावा.

मोठी उणीव अशी, की थंडी किती तास टिकली, हे यातून कळत नाही. हिवाळी विश्रांती पूर्ण होण्यासाठी अनेक फळझाडांना ठरावीक तासांचा गारवा लागतो. तो मोजायचा असेल, तर दर तासाला आपोआप नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रच घ्यावे. शिवाय एकदोन हिवाळ्यांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, कारण हवामानशास्त्रात सरासरी ३० वर्षांची धरतात. जपानमधील सुवा सरोवर गोठण्याच्या नोंदी १४४३ पासून ठेवल्या गेल्या, म्हणूनच ते आता पूर्वीपेक्षा क्वचित गोठते, हे ठामपणे सांगता येते. एवढा धीर धरून वही चालवायची तयारी असलेल्यांनी हा तापमापक जरूर घ्यावा; निव्वळ आजचा गारठा पाहायचा असेल, तर साधा तापमापक पुरेसा आहे.