बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च: सर्टिफिकेटपेक्षा सिनॉप्सिससाठी करावा असा कोर्स

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआरची एनआयई) तयार केलेला, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर चालणारा हा ऑनलाइन कोर्स मेडिकलच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. २०२३ च्या नियमांनुसार रिसर्च मेथडॉलॉजीचा (संशोधन पद्धतीचा) हा कोर्स पहिल्या वर्षात पुरा करावा लागतो, नाहीतर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. सक्ती आली की व्हिडिओ नुसते चालू ठेवून बाजूला सारले जातात आणि असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात. याचं खरंच वाईट वाटतं, कारण थिसिस आणि त्याआधी मंजुरीसाठी द्यायचा त्याचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, यांच्या कामाला याच्याइतकं थेट उपयोगी पडणारं साहित्य रेसिडेंटला सहसा एका जागी मिळत नाही.

एकूण २३ व्याख्यानं आहेत. संशोधन प्रश्न आणि उद्दिष्टं कशी मांडायची इथून सुरुवात होते. पुढे अभ्यासाचे आराखडे, सॅम्पलिंग, प्रश्नावली, डेटा व्यवस्थापन, नीतिनियम, प्रोटोकॉल आणि शेवटी प्रकाशनाची नीतिमत्ता. प्रश्न बहुपर्यायी आहेत. असाइनमेंट आणि परीक्षा दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के लागतात, त्यामुळे असाइनमेंटची मुदत चुकवून परीक्षेवर भिस्त ठेवू नये.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो सॅम्पल साइझच्या, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे याच्या, व्याख्यानाला. थिसिसमध्ये हमखास गडबड होते ती इथेच. समजा आजाराचं अपेक्षित प्रमाण २० टक्के आहे. ९५ टक्के विश्वासपातळीवर चूक ५ टक्के गुणांपर्यंत (म्हणजे उत्तर १५ ते २५ टक्क्यांदरम्यान) चालणार असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२ गुणिले ०.८, भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे २४६ रुग्ण लागतात. तीच चूक 'प्रमाणाच्या २० टक्के' अशी धरली तर ती होते ४ गुण आणि आकडा जातो ३८५ वर. १० गुण धरले तर ६२ वर भागतं. सिनॉप्सिसमध्ये 'ॲलाउएबल एरर' (चालणारी चूक) एवढंच लिहिलेलं असतं. ती निरपेक्ष (थेट टक्के गुणांत) की सापेक्ष (प्रमाणाच्या अमुक टक्के), हे लिहिलेलंच नसतं. शिवाय १० टक्के लोक गळतील असं धरून २४६ मध्ये २५ मिळवतात, तेही चूक. २४६ ला ०.९ ने भागायचं, म्हणजे २७४. व्याख्यान पाहताना आपल्याच विषयाचे आकडे घेऊन गणित हाताने करावं, कॅल्क्युलेटरची वेबसाइट नंतर उघडावी.

कोर्सबद्दल मुख्य तक्रार याच ठिकाणी आहे. सॅम्पल साइझ पद्धतीच्या भागात शिकवला जातो, नीतिनियम त्यानंतर कितीतरी उशिरा येतात, आणि दोन्ही वेगळे विषय आहेत असं विद्यार्थ्याच्या मनात बसतं. सोयीसाठी १० गुणांची चूक धरून ६२ रुग्ण घेतले आणि उत्तर कशालाच पुरेसं आलं नाही, तर त्या ६२ जणांचं रक्त विनाकारण काढलं गेलं. हा नीतीचाच प्रश्न आहे, आणि एथिक्स कमिटीने तो विचारला की रेसिडेंटला कमिटी आपल्या कामाबाहेर जाते आहे असं वाटतं.

म्हणून क्रम बदलून पाहावा: संशोधन प्रश्नाच्या व्याख्यानानंतर लगेच नीतिनियमांचं, मग आराखडे आणि सॅम्पलिंग. शेजारी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उघडी असावीत, कारण व्याख्यानातून चौकट कळते, पण फॉर्म भरताना लागणारे बारकावे तिथे आहेत. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि १२ ते १८ मध्ये लेखी, आणि दोन्हींत पालकांची परवानगीही. वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी अंगठ्यासोबत निःपक्षपाती साक्षीदार. जुन्या केसपेपरवरचा अभ्यास असला तरी संमतीतून सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, गाइड नाही. मराठी संमतीपत्रात 'रँडमायझेशन' तसंच ठेवलं तर रुग्णाला काहीच कळत नाही. 'तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल' असं लिहावं. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवरची (अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेतच नाहीत.

डेटाच्या व्याख्यानांमुळे मास्टर चार्टची (सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्याची) पुष्कळ दुरुस्ती वाचते. वय 'गट' म्हणून नोंदवू नये, पूर्ण वर्षांत नोंदवावं. गट नंतर पाडता येतात, गटातून वय परत मिळत नाही. रिकामी जागा आणि शून्य यांना वेगवेगळे कोड हवेत. विश्लेषणाचं व्याख्यान मात्र नुसती ओळख करून देतं. कोणती टेस्ट कुठे आणि सॉफ्टवेअरमध्ये ती कशी चालवायची, हे बायोस्टॅटच्या (जैवसांख्यिकीच्या) शिक्षकांकडे बसूनच शिकावं लागतं. गुणात्मक संशोधनाचीही धावती ओळखच आहे. मुलाखतींवर थिसिस करणाऱ्यांना तेवढ्यावर भागणार नाही.

नोंदणी सिनॉप्सिस देण्याच्या आधीच्या सत्रात करावी. एथिक्स कमिटीची मंजुरी आल्यावर पाहिलेल्या व्याख्यानातून चूक सापडली, तर प्रोटोकॉल बदलून पुन्हा कमिटीकडे जावं लागतं, आणि तोवर गोळा केलेला डेटा बहुधा वाया जातो. डेंटल, नर्सिंग, फिजिओथेरपीच्या किंवा एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना याच संस्थेचा एनपीटीईएलवरचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' पाहता येईल. पायाचे विषय बहुतेक तेच आहेत.