अय्यंगार पद्धत की कैवल्यधामची परंपरा? छोट्या वर्गात योग शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

आठ-दहा जणांच्या छोट्या वर्गात योग शिकायचा असे ठरवून पुण्यात किंवा मुंबईत चौकशी सुरू केली, की बहुतेक वेळा दोन परंपरांचे शिक्षक भेटतात. एकाच्या खोलीत बी. के. एस. अय्यंगार यांची तसबीर असते, तर दुसऱ्याच्या खोलीत कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांची. ही तसबीर कोणाची आहे आणि का लावली आहे, हे संकोच न बाळगता विचारावे, कारण पुढचा तासभर तुमच्याकडून काय करवून घेतले जाणार आहे, ते त्या उत्तरातून बरेचसे समजते.

कुवलयानंदांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी शारीरिक शिक्षण घेतले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. गुरूकडून मिळालेल्या क्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे त्यांना तपासून पाहायचे होते, म्हणून उड्डियान (पोट आत-वर ओढून घेणे) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणे) या क्रियांचा त्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने अभ्यास केला. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. गुरूने दिलेली विद्या प्रयोगशाळेत नेणे हा गुरूचा अनादर नसून तिच्यावरील विश्वासच आहे, ही त्यांची भूमिका मला आजही फार मोलाची वाटते.

अय्यंगार यांची वाट निराळी होती. १९१८ मध्ये कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेले, लहानपणी क्षयासारख्या आजारांनी खंगलेले अय्यंगार म्हैसूरला आपल्या बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे योग शिकले आणि त्यांच्याच सांगण्यावरून १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले. अशक्त शरीराला आसन कसे साधावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या देहावर सोडवला होता. लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड आणि घड्या घातलेली ब्लँकेट्स यांचा त्यांच्या पद्धतीतील वापर त्याच शोधातून वाढत गेला. पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ उभारलेली त्यांची संस्था १९७५ पासून पुण्यात आहे. तेथे त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी अनेक दशके शिकवले आणि स्त्रियांच्या योगाभ्यासाचा विशेष विचार केला.

प्रत्यक्ष वर्गातील फरक एका सूत्रावरून चांगला समजतो. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखकर असावे, हे योगसूत्रकार पतंजलींचे वचन दोन्हीकडे शिरोधार्य आहे. कैवल्यधामच्या वळणाचा शिक्षक मात्र त्याच्या पुढच्या सूत्रातील ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्नातला ताण सैल सोडणे, या शब्दावर भर देतो: आसनात सावकाश जा, झेपेल तेवढेच थांबा, श्वास सहज चालू द्या, मध्ये विश्रांती घ्या. आसनांच्या जोडीला जलनेती (पाण्याने नाक धुण्याची क्रिया), कपालभाती, अनुलोम-विलोम आणि ओंकार येतात. अय्यंगार पद्धतीचा वर्ग पतंजलींच्या प्रार्थनेने सुरू होतो आणि ताडासनापासूनच पावलाची बाहेरची कड, गुडघ्याची वाटी, खांद्याचे पाते अशा एकेका अवयवाकडे लक्ष वेधले जाते. शरीराची रचना अचूक झाली की स्थैर्य येते आणि स्थैर्यातून सुख, असा तेथील विचार आहे. आसन स्थिर झाल्याशिवाय प्राणायामाची घाई करायची नाही, हा दंडकही तेथे कसोशीने पाळला जातो, आणि नवशिक्याला प्राणायामाची ओळख बहुधा पाठीवर झोपवून, लोडाच्या आधाराने करून दिली जाते.

म्हणून ज्यांची पाठ, मान किंवा गुडघा कुरकुरतो आणि आपण नेमके कुठे चुकतो हे ज्यांना कळत नाही, त्यांनी अय्यंगार पद्धतीचा वर्ग निवडावा असे मी म्हणेन. छोट्या तुकडीचा सर्वाधिक लाभही याच पद्धतीत मिळतो, कारण प्रत्येकाच्या उंचीनुसार ठोकळा आणि ब्लँकेट बदलून देणे चाळीस जणांच्या वर्गात अवघड असते. ज्यांना झोप नीट लागत नाही, ज्यांचा दिवस धावपळीत जातो किंवा ज्यांना सततच्या सूचनांनी दडपण येते, त्यांना कैवल्यधामची संथ लय अधिक मानवेल. लोणावळ्याला जाणे शक्य नसल्यास मुंबईत मरीन ड्राइव्हवर त्यांचे केंद्र आहे.

सांताक्रूझची ‘द योग इन्स्टिट्यूट’ हा तिसरा पर्यायही ध्यानात ठेवावा. माधवदासजींचेच शिष्य असलेल्या श्रीयोगेंद्रांनी ती १९१८ मध्ये स्थापन केली. संसारी माणसाच्या दिनक्रमात बसेल इतका साधा योग आणि आहार-विहाराचा विचार हे तिचे वैशिष्ट्य आहे.

गुरूंविषयीच्या आदराचा मुद्दा मात्र मला पद्धतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. गुरुपौर्णिमेला तसबिरीला हार घालणे योग्यच आहे, परंतु ‘गुरुजींनी असे सांगितले आहे’ हे वाक्य विद्यार्थ्याचा प्रश्न थांबवण्यासाठी वापरले जात असेल, तर तो वर्ग सोडावा. ज्या दोन आचार्यांच्या तसबिरी तेथे लावल्या जातात, त्यांनी स्वतः आयुष्यभर प्रश्नच विचारले. एकाने क्ष-किरणांच्या यंत्रासमोर, दुसऱ्याने रोजच्या साधनेत. शरीराला हात लावून दुरुस्ती करण्यापूर्वी शिक्षक परवानगी घेतो का, आणि नको म्हटल्यास ते मनापासून मान्य करतो का, हेही याच आदराचा भाग म्हणून पाहावे.

पैसे भरण्यापूर्वी एक वर्ग कडेला बसून पाहण्याची परवानगी मागावी. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असल्यास शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावी लागतात, त्यामुळे अशा तक्रारींची चौकशी शिक्षक आधीच करतो का, ते पाहावे. शेवटी शवासनाला पुरेसा वेळ दिला जातो की घड्याळ पाहून ते उरकले जाते, इकडेही लक्ष द्यावे. शक्य असल्यास दुसऱ्या परंपरेचा एक वर्गही त्याच आठवड्यात पाहावा, म्हणजे दोन्हींची आठवण ताजी असतानाच निर्णय घेता येईल.