उसने नेणारी छोटी माणसे: मुलांना आधी कोणते रूपांतर दाखवावे?

मेरी नॉर्टन यांच्या 'द बॉरोअर्स' या १९५२ सालच्या कादंबरीत वीतभरही उंची नसलेले एक कुटुंब इंग्लंडमधील जुन्या घराच्या जमिनीखाली राहते, टीपकागदाचा गालिचा अंथरते आणि टपाल तिकिटे तसबिरींसारखी भिंतीवर लावते. पॉड, होमिली आणि त्यांची मुलगी अरिएटी ह्या वस्तू 'उसन्या' आणतात. मात्र आपल्याकडे शेजारून आणलेली वाटीभर साखर परत जाते, तशी त्यांची उसनवारी कधीच फिटत नाही. या कथेची पडद्यावरील तीन रूपांतरे घरी बघण्याजोगी आहेत आणि त्यांतून निवड करताना प्रत्येकाने मूळ निवेदनाचे काय केले, हे आधी पाहावे असे मला वाटते.

कारण कादंबरी थेट सांगितलेली नाही. मिसेस मे नावाची वृद्धा केट या मुलीला ही हकीकत सांगते आणि तीही तिने आपल्या भावाकडून ऐकलेली असते. शेवटी सापडलेल्या अरिएटीच्या वहीतील इंग्रजी 'ई' अक्षराचे वळण त्या भावाच्या अक्षरासारखेच, म्हणजे मधोमध रेघ असलेल्या अर्धचंद्रासारखे आहे, असे मिसेस मे सांगते आणि सगळे खरे होते की त्या मुलाने रचलेले, हा प्रश्न वाचकापाशी उरतो. पडद्यावर ही युक्ती अवघड आहे, कारण जे डोळ्यांना दिसले त्यावर मूल शंका घेत नाही.

पीटर ह्यूइट यांच्या १९९७ च्या चित्रपटाने ही शंका सोडूनच दिली आणि तिच्या जागी पाठलाग आणला. जॉन गुडमन यांनी रंगवलेला लबाड वकील मृत्युपत्र दडवून घर पाडायला निघतो, अरिएटीला पीग्रीन नावाचा भाऊ मिळतो आणि दुधाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांतून जीव वाचवण्याची धडपड सुरू होते. सहा-सात वर्षांची चुळबुळी मुले यात नक्की रमतील. परंतु खलनायक इतका ठसठशीत झाल्यामुळे, साध्या माणसाच्या नुसत्या नजरेस पडणेही या कुटुंबाला घर सोडायला लावते, ही कादंबरीतील खरी भीती मागे पडते, आणि हे नुकसान मला मोठे वाटते.

इयन होम आणि पेनेलोपी विल्टन यांच्या भूमिका असलेली बीबीसीची १९९२ ची मालिका सहा भागांची आहे. तिचा वेग संथ आहे. पुस्तक वाचून झालेल्या मुलांसाठी ती उत्तम, पहिली ओळख म्हणून नव्हे.

स्टुडिओ जिबली या जपानी अ‍ॅनिमेशन संस्थेचा २०१० चा 'अरिएटी' हा चित्रपट मात्र मी सर्वांत वर ठेवीन. पटकथाकार हायाओ मियाझाकी व केइको निवा यांनी कथा आजच्या जपानमध्ये आणली आणि दिग्दर्शक हिरोमासा योनेबायाशी यांनी छोटेपणा केवळ आकारातून न दाखवता आवाजातून आणि पदार्थाच्या स्वभावातून दाखवला. किटलीतून चहाची धार पडत नाही, टपोरा थेंब सुटतो. रात्री वडिलांबरोबर प्रथमच स्वयंपाकघरात गेलेल्या अरिएटीला घड्याळाची टिकटिक इतकी प्रचंड ऐकू येते की बघणाऱ्यालाही दबकून चालावेसे वाटते. सापडलेली टाचणी ती तलवारीसारखी झग्यात खोचते, आणि हृदयविकाराने आजारी असलेल्या शो या मुलाने पाहिल्याचे कळताच तिच्या हातून साखरेचा खडा निसटतो. इथे हारू ही घरकाम करणारी बाई त्रास देते खरी, पण संकटाची सुरुवात शोच्या प्रेमळ कुतूहलातूनही होते. तो बाहुलीघरातील स्वयंपाकघर उचलून त्यांच्या घरात बसवतो, तेव्हा हेतू चांगला असूनही छप्पर उखडल्याचा हादरा बसतो. मूळ कथेचे मर्म याच प्रसंगात सर्वाधिक उतरले आहे, म्हणून आठ वर्षांपुढील, शांत बसून बघणाऱ्या मुलांना मी हाच चित्रपट आधी दाखवीन.

यात भाषेची निवडही महत्त्वाची आहे. सुरुवातीचे निवेदन शोच्या आवाजात, आठवणीसारखे येते, म्हणजे ऐकीव कथेचा एक धागा इथे टिकला आहे. जपानी आवृत्ती शोच्या शस्त्रक्रियेचे पुढे काय झाले ते सांगत नाही. अमेरिकेतील इंग्रजी आवृत्तीत मात्र तो वर्षभराने त्या घरी परतल्याचे शेवटी जोडलेल्या निवेदनात कळते. उपशीर्षके वाचता येणाऱ्या मुलांसाठी जपानीच निवडावी. लहानांना इंग्रजी आवृत्ती दाखवायची झाल्यास हा जोडलेला शेवट मूळचा नाही, हे चित्रपट संपल्यावर त्यांना जरूर सांगावे आणि शोचे पुढे काय झाले असेल असे विचारावे.