एक्सपी आणि विंडोज ११ एकाच फोल्डरवर: छापखान्यातल्या सांबाचा अनुभव

सांगलीतल्या आमच्या छापखान्यात तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्ही वेगवेगळ्या पिढ्यांचे. कोपऱ्यातला अजून विंडोज एक्सपीवर चालतो, कारण पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ त्याच्यावर आहे आणि मराठी फॉन्टचं डोंगल (ज्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती किल्ली) त्याच्याच पॅरलल पोर्टला बसतं. वीस वर्षांच्या पत्रिका, बिलबुकं, पावती पुस्तकं त्या फॉन्टमध्ये आहेत. सगळं युनिकोडमध्ये (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) आणायचं तर एकेक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावं लागेल. बाकी दोघांपैकी एकावर विंडोज १०, दुसऱ्यावर ११ प्रो.

नवा कॉम्प्युटर जोडला आणि त्यावरून एक्सपीचं शेअर फोल्डर उघडेना. नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्यासाठी कॉम्प्युटर एक ठरलेली बोली वापरतात, आणि एक्सपीला त्यातली फक्त एसएमबी१ ही जुनी बोली येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच बोलीतल्या त्रुटीतून जगभर पसरला, आणि पुढच्या विंडोजमध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. हाताने चालू करता येते, पण ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ती करणार नाही. मग सगळा कारभार पेनड्राइव्हवर आला. ऐन लग्नसराईत दुरुस्त केलेली फाइल पेनड्राइव्हवरच राहिली, बटर (छपाईची प्लेट बनवायचा पारदर्शक कागद) जुन्या फाइलचा निघाला, आणि मुहूर्ताची वेळ चुकलेल्या चारशे पत्रिका पदरमोड करून परत छापून दिल्या. त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यानंतर पडून असलेल्या एका पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून सांबा बसवलं. नेटवर्कवर फाइली शेअर करायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. मधल्या पीसीवर फाइली ठेवायच्या, आणि ज्याला जी बोली येते त्याच्याशी सांबा त्याच बोलीत बोलतं. विंडोज ११ ला एसएमबी१ चा वाराही लागत नाही.

बसवायला मात्र दोन रविवार गेले. ४.११ आवृत्तीपासून सांबातही एसएमबी१ बंद असतं, त्यामुळे सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'ला एनटी१ (म्हणजे एसएमबी१) असं स्वतः लिहावं लागतं. तरी एक्सपीचा पासवर्ड नाकारला जात होता, कारण तो जुन्या पद्धतीने पाठवला जातो. एक्सपीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) 'एलएम कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल' ३ केली, म्हणजे पासवर्ड नव्या पद्धतीने जाऊ लागला, आणि फोल्डर उघडलं. उलट विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पासवर्डाशिवायचं गेस्ट शेअर घेईना. मग प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड दिला, जे आधीच करायला हवं होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तरी आधी 'टेस्टपार्म' ही तपासणीची आज्ञा चालवा, चूक लगेच कळते.

मला सांबातली सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे 'रिसायकल'. गणपतीच्या आधी आमच्या ऑपरेटरकडून वर्गणीच्या पावत्यांचं अख्खं फोल्डर डिलीट झालं. नेटवर्कवरून उडवलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. सांबाने ते बाजूच्या फोल्डरात जपून ठेवलं होतं, दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो सगळं इंग्रजी टेक्स्ट फाइलमध्ये लिहावं लागतं म्हणून. लिनक्सची सवय नसेल तर जाणकार माणूस शेजारी बसवाच.

एक्सपीला इंटरनेट अजिबात देऊ नका, आम्ही त्याच्या नेटवर्क सेटिंगमधला गेटवे (बाहेर जायचा रस्ता) रिकामाच ठेवलाय. आणि एक्सपीची सीडी सांभाळून ठेवा: देवनागरी नावाच्या फाइली तिथे चौकोन दिसतात, ते घालवायला कंट्रोल पॅनेलमधून भारतीय भाषांचा सपोर्ट टाकताना ती सीडी मागतो.