मिलिंग ड्रमवरचा फोर्स मोजायचाय: टॉर्क, स्ट्रेन गेज की पिझो?

मिलिंग ड्रम म्हणजे डांबरी रस्ता खरवडणाऱ्या मशीनचा दात बसवलेला फिरता ड्रम. सेन्सर कुठला घ्यायचा हे नंतर बघा, आधी ठरवा की अख्ख्या ड्रमवरचा लोड हवाय की एका दाताचा, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

ड्रमचा हवा असेल तर टॉर्क (फिरवणारा जोर) सगळ्यात सोपा. समजा ड्रम १ मीटर व्यासाचा, १०० आरपीएम, आणि ड्रमपर्यंत ४०० किलोवॅट पोचतायत, तर टॉर्क झाला साधारण ३८ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे टोकाशी सगळ्या दातांचा मिळून ७६ किलोन्यूटन. पण इंजिनच्या लोडवरून काढत असाल तर बेल्ट, गिअरबॉक्स, कन्व्हेयर सगळ्यांनी आपापला वाटा आधीच खाल्लेला असतो, त्यामुळे ड्रम उचलून रिकामा फिरवायचा आणि ते रीडिंग वजा करायचं (तरी थोडं चुकतंच, गिअरबॉक्सचा लॉस लोडबरोबर वाढतो). मशीनला वर ढकलणारा फोर्स यात दिसत नाही, एखादा दात तुटला तरी कळत नाही.

एका दाताचं खरं चित्र हवं तर होल्डरवर (दात ज्यात बसतो तो भाग) स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती ताणला ते मोजणारी पट्टी. त्रास भरपूर आहे बरं का! वरच्याच ड्रमने १०० मिलिमीटर खोल कापलं तर दात एका फेरीत जेमतेम ३७ अंश, म्हणजे ०.०६ सेकंद रस्त्यात असतो आणि खडीला बसलेले धक्के त्यातच, म्हणून सॅम्पलिंग काही किलोहर्ट्झ तरी हवं, म्हणजे सेकंदाला काही हजार रीडिंग. सिग्नल फिरत्या ड्रममधून स्लिप रिंग (फिरत्या भागातून सिग्नल बाहेर काढणारी कडी) किंवा वायरलेसने काढायचा, तोही पाण्याच्या फवाऱ्यात आणि धुळीत. तापमानाने रीडिंग बिघडू नये म्हणून फुल ब्रिज (चार गेजची जोडणी), आणि कॅलिब्रेशन होल्डर ड्रमवर बसवल्यावरच, टेबलावर केलेलं तिथे लागू पडेलच असं नाही.

पिझो डायनमोमीटर (दाब पडला की विद्युत चार्ज देणाऱ्या क्रिस्टलचा फोर्स-मापक) ताठ, फास्ट, तिन्ही दिशांचा फोर्स देतो, फक्त चार्ज गळतो म्हणून बराच वेळ टिकणाऱ्या लोडला रीडिंग सरकतं. तो लॅबमधला, एक दात आणि डांबरी स्लॅब. मेख अशी की ड्रमवर टोकाचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या वर असतो, लॅबच्या बऱ्याच रिग त्यापुढे कासव, आणि डांबर जोरात मारलं की जास्त कडक वागतं, म्हणून लॅबचे आकडे कमी येतात. दोन दातांचे आकार एकमेकांशी ताडायला ठीक, मशीन डिझाइनला नको.

मी असतो तर टॉर्कने सुरुवात केली असती, मग २-३ होल्डरवर गेज. आणि काहीही लावा, दर रनला रस्त्याचं तापमान लिहून ठेवा, सकाळचे आणि दुपारचे आकडे एका ग्राफवर टाकून लोक उगाच दातांना दोष देतात.