कोर्टात केस पुन्हा पहिल्यापासून चालत नाही : ऑस्ट्रेलियातला माझा अनुभव

मेलबर्नमध्ये गणपतीच्या मंडपात त्याची ओळख झाली. कऱ्हाडचा होता, आमच्या सांगलीच्या शेजारचाच. मी त्याला दादा म्हणायचो. २०१९ मध्ये माझा स्टुडंट व्हिसा संपत आला होता. बाबांनी शेत गहाण ठेवून फी भरलेली, त्यामुळे रिकाम्या हाताने परतायची हिंमत होत नव्हती. दादा म्हणाला, "काम करता येईल असा व्हिसा मिळवून देतो, फक्त सही कर." तीन हजार डॉलर दिले. अर्जाचा ईमेल, पासवर्ड सगळं त्याच्याकडेच.

तो प्रोटेक्शन व्हिसा होता. मायदेशी छळाची भीती असलेल्यांना आश्रय देण्यासाठीचा. सरकारी फी तेव्हा पन्नास डॉलरच्या आत. हे मला अर्ज नाकारल्याच्या पत्रातून कळलं. गावातले राजकीय गुंड मला मारतील, असं माझ्या नावाने लिहिलं होतं. साफ खोटं. त्याच दिवशी मी थांबायला हवं होतं. पण "आता मागे हटलास तर कायमची बंदी येईल," या त्याच्या शब्दांना मी घाबरलो आणि ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे व्हिसाच्या नकाराचा फेरविचार करणाऱ्या संस्थेकडे, गेलो. तिथेही २०२२ मध्ये नकार.

मग त्याने ज्युडिशियल रिव्ह्यूचं, म्हणजे ट्रायब्युनलच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं, सांगितलं. "हे मोठं कोर्ट. जज सगळं पहिल्यापासून ऐकतो." साडेपाच हजार घेतले.

खरं असं की फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट तुम्हाला धोका आहे की नाही हे ठरवतच नाही. ट्रायब्युनलने कायद्याची गंभीर चूक केली का, एवढंच पाहतं. चूक सापडली तरी कोर्ट व्हिसा देत नाही, प्रकरण फेरविचारासाठी ट्रायब्युनलकडे परत जातं. माझ्या अर्जात कारण एकच ओळीचं : 'नैसर्गिक न्याय मिळाला नाही.' कसा मिळाला नाही, याबद्दल एक शब्द नाही. अर्ज वकिलाने दाखल केला तर यशाची रास्त शक्यता असल्याचं त्याला लेखी द्यावं लागतं. म्हणूनच माझ्या अर्जावर कुणा वकिलाची सही नव्हती. मी एकटाच लढतोय असं दाखवलं होतं.

२०२४ मध्ये सुनावणी झाली. दादा आला नाही. जजनी दुभाष्यामार्फत शांतपणे विचारलं, ट्रायब्युनलचं कायद्याने काय चुकलं? मी गहाण शेताबद्दल बोलू लागलो. ते कोर्टाला विचारात घेता येत नाही, असं त्यांनी समजावलं. अर्ज फेटाळला, वर समोरच्या बाजूचा, म्हणजे इमिग्रेशन मंत्र्यांच्या वकिलांचा, काही हजार डॉलरचा खर्च माझ्यावर बसला. मधल्या काळात माझा मालक मला स्पॉन्सर करायला तयार झाला होता. पण प्रोटेक्शन व्हिसा नाकारला गेला की ऑस्ट्रेलियात राहून बहुतेक दुसरे व्हिसे मागता येत नाहीत. तेही गेलं.

नंतर कळलं, दादा नोंदणीकृत व्हिसा एजंट नव्हताच. प्रत्येक एजंटला नोंदणी क्रमांक असतो आणि सरकारी यादीत तो कुणालाही फुकट तपासता येतो. दोन मिनिटांचं काम, मी पाच वर्षांत केलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचा जीव खरंच धोक्यात असेल, तर प्रोटेक्शन व्हिसाचा हा मार्ग तुमच्यासाठीच आहे, घाबरून सोडू नका. मात्र कोर्टात जायची मुदत ३५ दिवसांची असते. ती ट्रायब्युनलच्या निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नव्हे. निकालाची पूर्ण प्रत घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा, आणि यात कायद्याची नेमकी कोणती चूक आहे हे त्यांच्याकडून लेखी घ्या.